माझ्या निवृत्तीची तारीख

आम्हा एकोणीस जणींना एका गुरुवारी दुपारी ट्रेनिंग रूममध्ये बोलावलं. चालू शिफ्टमध्ये, काम थांबवून. पंचवीस वर्षांत काम थांबवून आम्हाला कुठे बोलावलं असेल तर ते आगीची तालीम असते तेव्हाच. त्यामुळे जिना चढतानाच कळलं होतं की हे काहीतरी वेगळं आहे. आत जाऊन एकमेकींकडे पाहिलं आणि उरलेलंही कळलं. एकूण एक बाई परमनंट होती आणि एकूण एक पन्नाशीच्या पुढची.

आमची कंपनी महाळुंग्याच्या शिवारात. गाडीच्या आतून वायरींची जी जाडजूड जुडी फिरवलेली असते, ती आम्ही बनवायचो. मी तपासणीच्या टेबलावर. एकेक जुडी हातात घ्यायची, रंग बघायचे, क्लिपा बघायच्या, प्रत्येक पीन ओढून बघायची आणि मग शिक्का मारायचा. माझ्या शिक्क्याखालून गेलेला माल गिऱ्हाइकाकडून परत आल्याचे प्रसंग एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. हे मी स्वतःचं कौतुक म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते कामात खोट होती म्हणून झालं, असं कुणाला वाटू नये म्हणून सांगते.

समोर पडद्यावर चित्र होतं. समुद्रकिनारा, पांढऱ्या केसांचं एक जोडपं, दोघांच्या पायात चपला नाहीत. टाय लावलेला एक मुलगा बाहेरून बोलावला होता. त्याने हसत विचारलं, "रिटायरमेंट म्हटलं की तुमच्या मनात सगळ्यात आधी काय येतं?"

"झोप," माझ्या शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या. त्यालाही हसावं लागलं.

ही शेजारीण म्हणजे माझी टेबलावरची जोडीदार. महाळुंग्याचीच, जुन्या घराण्यातली. आम्ही बीडकडून आलेली माणसं. पहिली दोन वर्षं तिचं बोलणं मला आणि माझं तिला धड कळायचं नाही. नंतर घरात कुणाशी बोलले नाही इतकं तिच्याशी बोलले.

त्या मुलाने मग सांगितलं की निवृत्ती हे वय नसतं, ती एक रक्कम असते. महागाई वाढते आहे, व्याजाचे दर खाली येताहेत, जगात कुठे युद्ध होईल आणि कुठला कारखाना बंद पडेल सांगता येत नाही, माणसं नव्वदीपर्यंत जगताहेत. म्हणून हातात अमुक रक्कम असल्याशिवाय नोकरी सोडणं म्हणजे आत्मघात. ती रक्कम त्याने पडद्यावर दाखवली. तिच्यातली शून्यं मोजताना शेजारणीने माझ्या दंडाला चिमटा काढला.

तो खाली बसला. एचआरची मुलगी उठली आणि तिने प्रत्येकीला एकेक पाकीट दिलं. वर छापलं होतं, 'ऐच्छिक सेवानिवृत्ती योजना'. महिनाअखेरपर्यंत अर्ज करायचा. आत माझं नाव घालून रक्कम लिहिली होती. माझी चार वर्षं उरली होती, आणि त्या चार वर्षांच्या पगाराच्या निम्मेही पैसे त्यात नव्हते.

म्हणजे दोन वाजता सांगितलं की एवढा पैसा जवळ नसताना नोकरी सोडणारा माणूस मूर्ख. आणि अडीच वाजता सांगितलं की सोडा. वर समोसे दिले.

परत टेबलाकडे जाताना शेजारीण म्हणाली, "आमची जमीन घेतली तवा बी असाच लखोटा आला व्हता घरी. तवा देता का म्हनून कुनी इचारलं न्हाई. आता इचारत्यात, येवडाच फरक." ती हे शांतपणे म्हणाली. तिच्या सासूचं वावर आमच्या गेटपासून हाकेच्या अंतरावर होतं. आता तिथे ट्रक उभे असतात.

कंपनीच्या बसने रहाटणीला घरी पोचायला त्या दिवशी पावणेदोन तास लागले. तळवड्याच्या चौकात गाडी हलेचना. पाकीट पर्समध्ये होतं आणि मला खरं सांगायचं तर थोडं हलकंही वाटत होतं. पंचवीस वर्षं पहाटे पाचला उठत होते. रक्कम अपुरी होती, बोलावण्याची रीत वाईट होती, तरी मनात एक विचार आलाच की सोडून बघावं का. घरी जाऊन नवऱ्याशी बोलू असं ठरवलं. बोलले असतेही.

तिसऱ्या मजल्यावर चढून गेले. पाकीट नवऱ्यासमोर ठेवलं. त्याने चष्मा लावून सगळं वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "सोडायची नाही. अजून चार वर्षं आहेत तुझी."

समोर मी त्यांना अहो म्हणते. लिहिताना मात्र 'तो' येतंय. येऊ दे.

तो पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात फिटर होता. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्याकडे अशीच योजना आली. एका संध्याकाळी तो पेढे घेऊन घरी आला आणि म्हणाला, "मी सही करून आलो." करून आलो. वय एक्कावन्न. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याचा सत्कार झाला, शाल मिळाली, मित्रांनी हॉटेलात जेवण दिलं. आलेल्या पैशातून त्याने गावाकडे स्लॅबच्या तीन खोल्या बांधल्या. तिथे आम्ही वर्षातून आठ दिवस राहतो. उरलेले बँकेत ठेवले, त्याचं व्याज दर वेळी पावती बदलताना कमी होत गेलं. आणि घर चाललं माझ्या पगारावर. मी यावर नऊ वर्षांत एक शब्द काढला नव्हता. त्याची कंबर दुखायची, कारखान्यात त्रास होता, हे मला दिसत होतं. पण माझी टाच दुखते हे त्यालाही दिसत होतं ना?

"मला काय वाटतं ते तरी विचारा," मी म्हटलं.

"वाटण्याचा प्रश्नच कुठे येतो? परवडायला नको का?" तो म्हणाला आणि पाकीट टीव्हीच्या बाजूला ठेवून फिरायला गेला. सोसायटीत त्याची मीटिंग होती.

रविवारी मुलगा आला. तो आणि सून दोघंही हिंजवडीत नोकरीला, मारुंजीत भाड्याने राहतात. त्याच सुमारास त्याचा प्रोजेक्ट संपला होता आणि पुढचा मिळाला नव्हता. रोज ऑफिसला जायचं, बसून यायचं आणि कधी काढून टाकतील याची वाट बघायची, असं त्याचं चाललं होतं. मला त्याची काळजी होतीच. त्यातच त्यांनी फ्लॅट बुक केलेला.

"आई, मी सगळं मांडलंय, बघ तू," असं म्हणून त्याने लॅपटॉप उघडला. रकाने होते, रंग होते. त्याचा पगार, सुनेचा पगार, बाबांचं व्याज. आणि चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'आई'. ती ओळ पुढे पुढे सरकत चार वर्षं जात होती. बुकिंग करतानाच मांडलेली. माझं पाकीट येण्याच्या किती तरी आधी.

मी विचारलं, "ही ओळ कधी टाकलीस?"

"अगं, ती फक्त सेफ्टीसाठी आहे. माझी नोकरी गेली तर वर्षभर तुझ्या पगाराचा आधार राहील."

"मला सांगितलं होतंस?"

तो गोंधळला. वाईट मुलगा नाही तो. दर रविवारी येतो, माझी औषधं आणून देतो. पण त्याला खरोखरच कळलं नाही की यात सांगण्यासारखं काय होतं. आई नोकरी करते. ती करतच राहणार. जिन्यातला दिवा संध्याकाळी लागतो, त्याला कुणी विचारून लावतं का?

त्या रात्री मी जेवले नाही. कंपनीला मी नको होते आणि घराला माझ्याशिवाय चालत नव्हतं. दोन्हीकडे माझ्या निवृत्तीचा निर्णय झालेला होता. फक्त मी तो घेतलेला नव्हता.

मी अर्ज केला नाही. नवरा म्हणाला म्हणून केला नाही असं त्याला वाटलं आणि तो खूश झाला. खरं कारण एवढंच होतं, की मला आधी माझ्या हातात काय आहे ते नीट बघायचं होतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी पीएफच्या ऑफिसात गेले. खिडकीवरचा माणूस सभ्य होता. त्याने कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "ताई, तुमची सर्व्हिस अठरा वर्षं."

"पंचवीस."

"इथे अठराच दिसते. त्याआधी कुठे होतात?"

"इथेच होते. याच कंपनीत, याच टेबलावर."

पहिली सात वर्षं मी ठेकेदाराकडून होते. मुलगा बालवाडीत होता तेव्हा लागले. गेट तेच, टेबल तेच, साहेब तेच. पगार मात्र ठेकेदार पाकिटातून द्यायचा, आणि पीएफ म्हणून त्यातून कापून घ्यायचा. तो त्याने कधी भरलाच नव्हता. ठेकेदार कधीच गेला. त्याचं नाव मला आठवतं, पण ज्या नावाने त्याचं दुकान चालायचं ते तेव्हाही दर दोन वर्षांनी बदलायचं. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की तक्रार करता येईल, पण पावत्या लागतील. पावत्या कुठल्या? आम्हाला कधी मिळाल्याच नव्हत्या. पेन्शन किती बसेल ते त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिलं. गॅस, लाइटबिल आणि आठवड्याची भाजी यात ते संपणार होतं. अठ्ठावन्नच्या आधी घेतली तर आणखी कमी.

बाहेर येऊन मी रसवंतीच्या बाकावर बसले. मला रडू आलं नाही. राग आला. सात वर्षं. त्या सात वर्षांत मुलाला गोवर झाला होता आणि मी त्याला शेजारच्या बाईकडे ठेवून कामावर गेले होते, कारण खाडा झाला की ठेकेदार दुसरी बाई आणायचा. आणि सरकारच्या कॉम्प्युटरमध्ये त्या सात वर्षांत मी कुठेच नव्हते.

एकोणिसातल्या अकरा जणींनी सही केली. आम्ही आठ उरलो. एक तारखेला कामावर गेले तर माझ्या टेबलाची खुर्ची नव्हती. शेजारणीचीही नव्हती. सुपरवायझर, माझ्या मुलाच्या वयाचा, खाली बघत म्हणाला, "आजपासून तपासणी उभं राहून करायची. वरून आलंय." वरून आलं ते आम्हा आठ जणींच्याच खुर्च्यांसाठी कसं आलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मावशी, मला नका विचारू प्लीज."

साडेआठ तास उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात माझी टाच इतकी दुखायला लागली की बसमधून उतरून सोसायटीच्या गेटपर्यंत मला दोनदा थांबावं लागायचं. शेजारणीचे गुडघे सुजले. ती म्हणाली, "बाये, आपन जावं म्हनून चाललंय हे सगळं."

"माहीत आहे. म्हणूनच जायचं नाही."

मी एचआरमध्ये गेले. तीच मुलगी. तिने मला बसायला सांगितलं.

"इथे खुर्ची आहे म्हणायची," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. "ताई, कुणावरही जबरदस्ती नाहीये. योजना पूर्णपणे ऐच्छिक आहे."

"मग खुर्च्या कुणाच्या इच्छेने काढल्या?"

"तो प्रोडक्शनचा निर्णय आहे. उभं राहून काम केलं की स्पीड वाढतो."

"ट्रेनी मुली बसून करतात. त्यांचा स्पीड नको का वाढायला?"

ती समोरचे कागद सारखे करायला लागली.

"मला हे लेखी द्या," मी म्हटलं. "पन्नाशीच्या वरच्या बायकांनी उभं राहून काम करायचं आणि विशीतल्या मुलींनी बसून, एवढं एका कागदावर लिहून खाली सही करा. मी उद्यापासून तक्रार करणार नाही."

माझा आवाज चढला होता. बाहेर टायपिंग थांबलं होतं. मी आयुष्यात ऑफिसात आवाज चढवला नव्हता, आणि त्या दिवशी तो चढला याची मला आजही लाज वाटत नाही. कागद तिने दिला नाही. मग आम्हीच लिहिला. आठ जणींच्या सह्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जोडलेल्या, आणि खाली एक ओळ, की उत्तर आलं नाही तर हाच अर्ज कामगार आयुक्तांकडे जाईल. पोच म्हणून शिक्का मारून घेतला. शिक्का मारण्याचं महत्त्व मला कुणी शिकवायला नको होतं.

तीन आठवड्यांनी उंच स्टुलं आली. कुणी माफी मागितली नाही. सकाळी गेलो तर टेबलाशी ठेवलेली होती.

घरातलं मात्र अजून व्हायचं होतं. एका शनिवारी दुपारी मी नवऱ्याला समोर बसवलं आणि पीएफच्या माणसाने दिलेली चिठ्ठी दाखवली. म्हटलं, "परवडायला नको का, म्हणालात. आता कसं परवडवायचं ते आपण दोघं बघू. गावाकडच्या खोल्या विकायच्या किंवा भाड्याने द्यायच्या. आणि तुम्ही काम शोधायचं."

"मी? साठाव्या वर्षी?"

"मी चोपन्नाव्या वर्षी उभी राहून करते आहे."

"मी रिटायर झालोय," तो म्हणाला. असं म्हणाला, जणू ती त्याची जात होती.

"तुम्ही झालात तेव्हा मला विचारलं होतं?"

"तेव्हाची परिस्थिती वेगळी होती."

"माझी तीच होती. तेव्हाही मी पाचला उठत होते, आणि तुमचे पेढेसुद्धा मीच शेजारी वाटले."

तो चिडला, म्हणाला की मी नऊ वर्षं हे मनात ठेवलं. ठेवलं होतंच. तीन दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. चौथ्या दिवशी त्याने जुन्या मित्राला फोन केला, आणि पंधरा दिवसांनी तळवड्यात एका छोट्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायला जायला लागला. पहिल्या संध्याकाळी आला तो बुटांसकट दिवाणावर बसला आणि पाय पुढे करून पाच मिनिटं पंख्याकडे बघत राहिला. मी पाणी दिलं. गावाकडच्या खोल्या एका शिक्षकाला भाड्याने दिल्या.

मुलाला सांगितलं, "ती चौथी ओळ काढून टाक. तुझी नोकरी गेली तर आम्ही तुम्हाला जेवायला घालू, इथे येऊन राहा. पण माझ्या पायांवर फ्लॅट उभा करू नकोस."

त्याला लागलं. सून मात्र पटकन म्हणाली, "आई बरोबर बोलताहेत." पुढे त्यांनी बुकिंग रद्द केलं, त्यात काही पैसे बुडाले. त्याला दोन महिन्यांनी दुसरा प्रोजेक्ट मिळाला. फ्लॅट घेतला असता तर निभावलं असतं, असं तो अजून कधीकधी सुचवतो. असेलही. ते मला तेव्हा माहीत नव्हतं आणि त्यालाही नव्हतं.

अशा रीतीने, कुणाच्या चित्रातला समुद्रकिनारा न बघता, मी स्वतः ठरवलं की अजून सव्वा वर्ष करायचं. चार नाही. पडद्यावरच्या त्या रकमेच्या जवळपासही मी पोचणार नव्हते, पोचणारी एकही बाई मला माहीत नाही. पण मी घरात किती डाळ लागते ते पंचवीस वर्षं बघितलेलं होतं. टाच किती टिकेल हेही मलाच माहीत होतं.

सव्वा वर्षाने साधा राजीनामा दिला. तोवर योजना संपली होती, त्यामुळे जादाचं काही मिळालं नाही, नेहमीची ग्रॅच्युइटी मिळाली. शेजारणीने माझ्या आधी दोन महिने सोडलं होतं. माझ्या शेवटच्या दिवशी ती मुद्दाम गेटवर आली, उकडलेल्या शेंगा घेऊन. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून खाल्ल्या. "आज तरी बसून खाऊ की," ती म्हणाली, पण बसायला जागाच नव्हती. सगळीकडे ट्रक. एचआरची ती मुलगी तोवर कंपनीत नव्हती. तिला कुठलं पाकीट दिलं होतं की नाही, कुणास ठाऊक.

आता घरी येऊन चार महिने झाले. पहिल्याच आठवड्यात तीन जण आले. सोसायटीच्या अध्यक्षांना महिला मंडळाचा कारभार बघायला माणूस हवं होतं. नणंदेला तिच्या पार्लरमध्ये दुपारी बसायला कुणी हवं होतं. तळमजल्यावरच्या बाईंना त्यांची नात शाळेतून आणून सहापर्यंत सांभाळायला हवं होतं. तिघांनीही एकच शब्द वापरला, "आता तुम्ही रिकाम्याच आहात ना." नणंद म्हणाली, "तेवढाच तुझा वेळ जाईल."

मी तिघांनाही नाही म्हटलं. अध्यक्षांनी कारण विचारलं. मी सांगितलं की कारण नाही. त्यांना ते आवडलं नाही. नवरा संध्याकाळी कामावरून आला तेव्हा त्यांनी त्याला खालीच गाठलं, आणि मी गॅलरीतून ऐकलं, तो म्हणत होता, "ते तुम्ही तिलाच विचारा. मी काय सांगू?"